लहान पाकीट, मोठं पाकीट आणि गेनूतात्या

टपाली मतदानात दोन पाकिटं असतात. लहान पाकिटात फक्त मतपत्रिका घालायची. मोठ्या पाकिटात ते बंद केलेलं लहान पाकीट आणि त्याच्या शेजारी सही केलेलं प्रतिज्ञापत्र. एवढंच. पाचवीतल्या पोराला जमेल असं हे काम आहे, आणि तरीही माझ्या नोकरीतली कितीतरी वर्षं एवढंच समजावण्यात गेली. ज्यांना समजावलं त्यातले निम्मेअधिक शिक्षक होते, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात दाखले, पंचनामे, टंचाई, जमिनीची भांडणं, सगळं केलं. त्याबद्दल मला काहीही सांगायचं नाही. पण निवडणूक लागली की माझ्या अंगात यायचं! आचारसंहिता जाहीर झाली, की मी घरी सांगून टाकायचे की आता महिनाभर मला भाजी काय करायची ते विचारायचं नाही. आमचे हे म्हणायचे, "हिला स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढा हुरूप नव्हता." खरंच नव्हता. लग्नात माझ्या हातात काहीच नव्हतं. निवडणुकीत निदान टपाली मतदान कक्षाची किल्ली होती.

हा कक्ष कुणालाच नको असायचा. यंत्रं, पेट्या, मिरवत निघणाऱ्या गाड्या हे सगळं दुसरीकडे, आणि इथे नुसते अर्ज, अनुक्रमांक आणि डिंक. मला मात्र तिथेच खरी गंमत दिसायची. केंद्रावर माणूस येतो, बटण दाबतो, जातो. टपाली मताला माणसाच्या हातून कागदावर उतरावं लागतं, दोन पाकिटांतून प्रवास करावा लागतो, आणि मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत टेबलावर पोचावं लागतं. वाटेत त्याला मरायची शंभर ठिकाणं असतात. ते जिवंत पोचवायचं, हे माझं काम.

लोकांना वाटतं, टपाली मत म्हणजे केंद्रावर जायचा कंटाळा आलेल्यांची सोय. मी शहराच्या बाजूला नेमणुकीवर असताना वाकडच्या एका उंच इमारतीतून एका गृहस्थांचा फोन आला होता. "मॅडम, फक्त लिंक पाठवा. मी मीटिंग चालू असतानाच करून टाकतो." मी म्हटलं, "लिंक नाही साहेब, शाळा आहे. तुमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून पायी चार मिनिटं." त्यांनी फोन ठेवला. मतदानाला गेले का, देव जाणे.

हे मत मागता येतं ते सैनिकांना, निवडणुकीच्या कामावर असलेल्यांना, आणि आता पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना आणि ठरावीक टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना. म्हाताऱ्यांसाठी बारा-ड नावाचा अर्ज असतो. गावातला बीएलओ, म्हणजे मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी, तो घरी आणून देतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून परत द्यायचा. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे खूण होते आणि त्या माणसाचं केंद्रावरचं मत बंद. मग आम्ही त्याच्या घरी जातो, आधी वेळ कळवून. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला, आणि उमेदवारांनी पाठवले तर त्यांचे प्रतिनिधी. माणूस घरी सापडला नाही तर आणखी एकदा जातो. तिसरी फेरी नाही.

ज्याला खरी गरज होती आणि जो यात कुठेच बसत नव्हता असा एक जण मला अजून आठवतो. महाळुंग्याच्या कारखान्यात कंत्राटावर होता, लातूरकडचा. कक्षाच्या दारात चप्पल काढून उभा राहिला. "मॅडम, माझं नाव गावाकडं हाय. सुट्टी एका दिवसाची, जायला-यायला दोन दिवस लागालेत. टपालानं पाठवू का मत?" नाही पाठवता येत, मी म्हणाले. "मग आमच्यासाठी काय हाय?" मी नियमांचं पुस्तक उघडं ठेवूनच बसले होते, पण त्यात त्याच्यासाठी काहीच नव्हतं. त्यानं उगाचच मला "थँक्यू" म्हटलं आणि चप्पल घालून निघून गेला.

आणि शिक्षकांचं सांगितल्याशिवाय पुढे कशी जाऊ! निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकांचं मतदान प्रशिक्षणाच्या दिवशीच उरकतात. एका मुख्याध्यापकांनी मतपत्रिका आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही लहान पाकिटात कोंबली आणि डिंकानं घट्ट बंद केली. वर मलाच म्हणाले, "एकाच ठिकाणी ठेवलंय मॅडम, हरवायला नको." मोजणीच्या वेळी आधी मोठं पाकीट उघडतात. त्यात प्रतिज्ञापत्र दिसलं नाही, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. मत तसंच बाद. तेव्हापासून मी फळ्यावर लिहायला लागले, "गुपित लहानात, सही मोठ्यात." मुलांसारखं तीनदा म्हणवून घ्यायचे. शिक्षकांना राग यायचा. मला फार मजा वाटायची.

आता गेनूतात्यांकडे येते. हे सगळं त्यांच्यासाठीच लिहायला घेतलंय.

विधानसभेची निवडणूक होती आणि माझी नोकरीतली ती शेवटची. मी हट्टानं घरोघरच्या मतदानाचं पथक मागून घेतलं होतं. पथकात माझ्यासोबत दुसरे अधिकारी होते कदमसर, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणारे, अतिशय शांत माणूस. आमच्या वाट्याला चाकणच्या भोवतालची गावं. सहा दिवस आम्ही जीपमधून फिरलो. कारखान्यांच्या भिंतींमधून एखादी वाट आत शिरायची आणि तिथे एकदम अंगण, गोठा, तुळस आणि खाटेवर वाट बघत बसलेलं एक म्हातारं माणूस. नवी टोपी, नवं लुगडं. घरी मत मागायला सरकार आलंय म्हणून कुणी पेढे आणून ठेवायचं, कुणी रडायचं. मला तर रोज सकाळी जीपमध्ये बसताना शाळेची सहल निघाल्यासारखं वाटायचं.

पण गर्दी फार होती. दिवसाला पंचवीस-तीस घरं. सूचना वाचून दाखवायच्या असतात: खूण पेनानं करा, एकाच उमेदवारासमोर करा, मतपत्रिकेवर नाव लिहू नका, सही करू नका, कुणाला दाखवू नका. पहिल्या दिवशी मी हे सगळं समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून आरतीसारखं एका दमात म्हणायला लागले.

गेनूतात्या यादीत अगदी शेवटी होते. महाळुंग्यातलं जुनं शेतकरी घराणं, पण तात्यांनी शेतापेक्षा कंपनीच जास्त केली. तरुणपणी रोज सायकल मारत पिंपरीला जायचे. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत छत्तीस वर्षं तपासणी खात्यात, शेवटी इन्स्पेक्टर. वय सत्त्याऐंशी. पहिल्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून ही दुसरी फेरी. घरोघरच्या मतदानाचा तो शेवटचा दिवस, आणि संध्याकाळी सहाला काम बंद.

आम्ही दोनच्या सुमाराला पोचलो. तात्या इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते, खिशाला पेन. सून शैला पाणी घेऊन आली. फाटकाशी दोन उमेदवारांचे दोन प्रतिनिधी मोटारसायकलींवर बसले होते, एकमेकांकडे पाठ करून.

"या बाई," तात्या म्हणाले. "मागल्या टायमाला मी घावलो न्हाई. लई चुटपुट लागली बगा."

मी सूचना म्हटल्या, माझ्या वेगानं. खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा लावला. तात्या आत गेले. पाच मिनिटं झाली, सात झाली. कदमसरांनी घड्याळाकडे बघितलं. मग तात्या लहान पाकीट छानपैकी चिकटवून घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान.

"झालं का तात्या?" मी प्रतिज्ञापत्र पुढे करत विचारलं.

"झालं. दोनदा तपासलं. छपाई साफ हाय, कागद कुठं दुमडला न्हाई, खूण बराबर चौकटीत बसलीया. मंग खाली सही मारली, टोकन नंबरसकट."

माझा हात तिथेच थांबला. "कुठे मारली सही?"

"कुठं म्हंजी? मतपत्रिकेवं. तपासलेल्या मालावं सही न्हाई तर त्यो माल तपासला कुणी, कसं कळायचं?"

कंपनीत पास झालेल्या प्रत्येक मालाच्या चिठ्ठीवर छत्तीस वर्षं त्यांनी सही आणि टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरी क्रमांक, टाकला होता. हात आपोआप चालला असणार. पण मत कुणाचं हे ओळखू येईल असं काहीही मतपत्रिकेवर असलं की ती बाद होते. नाव, सही, नंबर, काहीही. तात्यांनी मोठ्या काळजीनं, दोनदा तपासून, आपलंच मत बाद केलं होतं.

खरं सांगते, गप्प बसायचं माझ्या मनात आलं. पाकीट बंद होतं. आत काय आहे ते बघायचा मला अधिकार नव्हता. मी प्रतिज्ञापत्रावर सही घेतली असती, मोठं पाकीट चिकटवलं असतं, तर तात्या खुशीत राहिले असते. मोजणीत मत बाद झालं असतं आणि त्यांना जन्मात कळलं नसतं. शैलाकडे बघितलं, तर तिला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं आणि ती डोळ्यांनी मला नको नको म्हणत होती. पण ज्या माणसानं कागदाची घडीसुद्धा तपासली त्याला फसवायचं? माझ्यानं होईना. मी सांगून टाकलं.

तात्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते खाटेवर बसले.

"म्हंजी रिजेक?"

"हो तात्या."

"माझ्या हातनं?"

मी प्रतिज्ञापत्र परत फाइलीत ठेवलं.

"छत्तीस वर्सं," ते म्हणाले. "माझ्या हातनं वाईट माल भाईर गेला न्हाई. येक न्हाई. सायेब लोकं सोडा म्हनायचे, मी सोडला न्हाई."

शैला मला दाराशी घेऊन गेली. "मॅडम, कशाला सांगितलंत त्यांना? दोन दिवस जेवायचे नाहीत आता. म्हातारं माणूस आहे."

तिचं चूक नव्हतं. पण मला आतून एकदम स्फुरण चढलं होतं, कारण मला नियम आठवला होता. या नियमाची गरज मला सगळ्या नोकरीत कधी पडली नव्हती! मतदाराच्या हातून नकळत मतपत्रिका खराब झाली, तर खराब झालेले कागद परत करून, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची खात्री पटवून, त्याला दुसरा संच मिळू शकतो. मी तात्यांना तसं सांगितलं.

त्यांनी मान वर केली. "म्हंजी रिवर्क?"

"रिवर्क नाही, याला दुरुस्ती नाही. हा गेला. नवा मिळेल."

"मंग ह्यो स्क्रॅप. त्याची नोंद पायजे."

हे ऐकून फाटकाशी बसलेले दोन्ही प्रतिनिधी एकदम आत आले. दुसरी मतपत्रिका? मॅडम, हा काय प्रकार आहे? आम्ही तक्रार करणार! सहा दिवसांत हे दोघे पहिल्यांदा एका सुरात बोलत होते. मला आधी कळेना की दोघांचाही विरोध कसा. मग लक्षात आलं. दोघांनाही खात्री होती की म्हाताऱ्याचं मत समोरच्याला पडलंय, आणि ते बाद होत असेल तर बरंच आहे.

तात्यांनाही ते कळलं. इतक्या वेळात पहिल्यांदा ते हसले. "तुमाला दोगास्नीबी वाटतंय मी दुसऱ्याचा. म्हंजी मी कुनाला काय सांगितलं न्हाई हे सिद्द झालं. बसा आता गप. शैला, च्या टाक ह्यांना."

दोघे बसले. काय करतात बिचारे, दोघांचेही आजोबा तात्यांच्या बरोबरीचे होते.

मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना फोन लावला. साहेब म्हणाले, खराब कागद प्रत्यक्ष हातात आणि मतदाराचा लेखी अर्ज, तरच विचार करतो. तात्यांनी कागद मागून घेतला आणि खिशातल्या पेनानं स्वतः अर्ज लिहिला. तो अर्ज मला तोंडपाठ आहे. दोष: मतपत्रिकेवर निरीक्षकाची सही. कारण: सवय. जबाबदारी: स्वतःची. उपाय: नवीन मतपत्रिका मिळावी. खाली सही आणि टोकन नंबर. इथे चालतो म्हटल्यावर जरा जास्तच ठसठशीत.

पावणेतीन वाजले होते. आमचं कार्यालय तालुक्याच्या गावी, नाशिक रस्त्यावर, आणि मध्ये चाकणचा चौक. त्या भागात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. तीनला शिफ्ट सुटते, कंपन्यांच्या बसेस एकदम रस्त्यावर येतात आणि मग चौकात जो अडकला तो अडकला. कदमसरांना पेटी, व्हिडिओवाला आणि चहा पिणारे प्रतिनिधी सांभाळायला ठेवलं. तात्या बोलत होते त्याचं चित्रण एका कार्डावर घेतलं. मी आणि हवालदार जीपमध्ये बसलो.

चौकाच्या अर्धा किलोमीटर अलीकडेच गाड्या थांबल्या. ट्रेलर, बसेस, टेम्पो, कुणी हलेना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मागे टेकून बसला, म्हणजे मला कळलं की हा अनुभवी आहे. मी कार्यालयात फोन करून सांगितलं, तिकडची एक गाडी चौकाच्या पलीकडे आणून उभी करा. चाकणमध्ये सगळे हेच करतात. अलीकडे उतरायचं, कोंडी पायी ओलांडायची, पलीकडे दुसऱ्या गाडीत बसायचं. साठीला टेकलेली मी, छातीशी लिफाफा, पुढे हवालदार "बाजूला, बाजूला" करत, आणि दोन्ही बाजूंच्या बसेसमधून शिफ्ट सुटलेली पोरं खिडकीतून बघतायत. एक ओरडला, "मॅडम, कुठं पळताय एवढं?" मी पण ओरडले, "मत द्यायला!" सगळी बस हसली. मला धाप लागली होती आणि त्याच वेळी वाटत होतं, हे थांबूच नये!

साहेब माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचे. त्यांनी अर्ज वाचला, एकदा हसले, मग गंभीर झाले. चित्रण बघितलं. "मॅडम, समजा या गृहस्थांना मत बदलायचं असेल आणि त्यांनी हे निमित्त काढलं असेल तर?"

"साहेब," मी म्हटलं, "मत बदलायचं असतं तर आडोशाआड बसल्या बसल्या बदललं असतं. हे चित्र परत बघा. या माणसाला आपण चुकलोय हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. 'टोकन नंबरसकट' म्हणताना त्याचा चेहरा बघा."

त्यांनी परत बघितलं. मग नियमाचं पान माझ्याच पुस्तकातून वाचलं, ओळीवर बोट ठेवून. लहान पाकीट न उघडताच त्याच्यावर "रद्द" लिहून वेगळ्या लिफाफ्यात सीलबंद केलं आणि दुसऱ्या संचावर सही केली. नवा अनुक्रमांक, नवं प्रतिज्ञापत्र, नवी पाकिटं. मी घड्याळ बघितलं. साडेचारला पाच कमी होते.

परतीची गंमत उलट बाजूनं. पुन्हा चौक, पुन्हा पायी, पुन्हा आपली जीप, आणि ड्रायव्हरनं कारखान्यांच्या मागच्या कच्च्या वाटेनं अशी गाडी काढली की हवालदारांनी देवाचं नाव घेतलं. पाच वाजून वीस मिनिटांनी आम्ही अंगणात. तात्या त्याच जागेवर बसले होते. शैला म्हणाली, पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

या वेळी सूचना मी आरतीसारख्या म्हटल्या नाहीत. तात्यांच्या समोर खाली पाटावर बसले आणि एकेक सांगितली. प्रत्येकीला ते "व्हय" म्हणाले. मग आडोशाआड गेले. आम्ही सगळे अंगणाकडे तोंड करून उभे. दोन्ही प्रतिनिधीसुद्धा श्वास धरून होते, कुणाला मत पडतंय हे विसरून.

आतून एकदम तात्यांचा आवाज आला. "बाई! खूण झाली. पेन घ्या आदी माज्या हातातनं!"

मी आडोशाच्या वरून, नजर छताकडे ठेवून, हात आत घातला. त्यांनी पेन माझ्या तळव्यात ठेवलं. मग घडी घातल्याचा आवाज आला, डिंकाचा आला, आणि तात्या बंद लहान पाकीट घेऊन बाहेर आले.

"आता प्रतिज्ञापत्र," मी म्हटलं आणि पेन परत दिलं. "इथे मारा सही."

"हितं चालती?"

"इथे नसली तर चालत नाही."

त्यांनी सही केली. मी साक्षांकन केलं. लहान पाकीट आणि प्रतिज्ञापत्र मोठ्यात, मोठं पेटीत, पेटीला कुलूप. सहाला दहा कमी होते. कुणी सुरुवात केली ते माहीत नाही, पण अंगणात टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मोजणीच्या दिवशी सकाळी टपाली मतं आधी घेतात. मी टेबलाशी होते. तात्यांचं मोठं पाकीट उघडलं, प्रतिज्ञापत्र बरोबर निघालं, आणि त्यांचं लहान पाकीट बाकीच्या लहान पाकिटांच्या ढिगात गेलं. तिथून पुढे ते कुठलं हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही. व्यवस्थाच तशी आहे. मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुणी नातेवाईक उभा आहे का?"

मग लहान पाकिटं उघडली. थोड्या वेळानं बाद मतांच्या ट्रेमध्ये एक मतपत्रिका आली. खूण नीट चौकटीत होती. खाली छोटी सही, आणि सहीपुढे एक नंबर. नंतर दुसरी आली. नंतर तिसरी. तिन्ही वेगळ्या हातांच्या, तिन्ही नीटनेटक्या. तात्यांचा नंबर त्यांत नव्हता. त्या सहा दिवसांतल्या घरांत आणखी किती इन्स्पेक्टर खाटेवर माझी वाट बघत बसले होते, ते मी कुणालाच विचारलं नव्हतं.

आठवड्यानं मी महाळुंग्याला गेले. तात्यांचं मत बाद झालं नाही, एवढं तरी सांगायला. तात्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मी काहीतरी राखून बोलतेय हे त्यांनी ओळखलं; जुन्या माणसांना फसवता येत नाही. त्यांनी विचारलं, "आनि कुनाचं गेलं का तसं?"

नावं मला माहीत नव्हती आणि असती तरी सांगितली नसती. पण आकडा सांगितला. "तीन."

तात्यांनी समोरच्या कारखान्याच्या भिंतीकडे बघितलं. "आमच्याच लायनीतली असनार. सही करू नगा म्हनून कुनी सांगितलं न्हवतं त्यास्नी?"

"सांगितलं होतं तात्या. मीच सांगितलं होतं. पण घाईत."

ते माझी समजूत घालतील असं मला वाटलं होतं. म्हातारी माणसं घालतात. तात्या म्हणाले, "बाई, घाईत तपासलेला माल आमी तपासलेला धरत न्हवतो."

दोन महिन्यांनी मी निवृत्त झाले. कार्यभार देताना टपाली कक्षाच्या कागदांत, छापील सूचनांच्या आधी, मी माझ्या हातानं लिहिलेलं एक पान लावलं. मतदार कुठे नोकरी करत होता आणि काय काम करत होता ते आधी विचारावं. मग सूचना सांगाव्यात. सावकाश.